कोणत्या भाषेत हाक मारायची

सुमती,

येणाऱ्यांची वर्दळ आता कमी झाली आहे. तेरावा झाला, तुझे बाबा डोंबिवलीला परत गेले, बाहेरच्या खोलीतली सतरंजी मी काल झटकून गुंडाळून ठेवली. समाचाराला आलेल्यांपैकी बहुतेकांनी मला एकच गोष्ट विचारली. कोणी टेकल्या टेकल्या, कोणी जरा वेळ गप्प बसून, कोणी अगदी निघताना चपला घालता घालता. "तुम्ही तर विलायतेत होतात. तिथेच का नाही करून घेतलंत?" काहींनी विचारलंही नाही, सांगूनच टाकलं, "तिकडे असती तर वाचली असती हो." मी मान हलवतो.

हे भांडण खरं तर तुझं नि माझं. इतकी वर्षं आपण ते जपून, चारचौघांना ऐकू न जाईल असं भांडलो. तू ते अर्धवट टाकून निघून गेलीस. आता अख्खं कल्याण माझ्या बाजूने बोलतंय आणि तुझी बाजू मांडायला घरात कोणी नाही. मीच मांडायची, तर मला ती कधी धड पटली नव्हती.

शहाडची गिरणी तेव्हा उभी राहत होती. यंत्रं इंग्लंडहून यायची होती, आणि ती चालवायला शिकण्यासाठी आम्हा काही जणांना तिकडे धाडायचं ठरलं. बाकीच्यांनी बायकांना माहेरी ठेवलं. मीही तेच करणार होतो. पण आई म्हणाली, "तिला घेऊन जा. एकटा राहिलास तर अंडी खाऊन येशील." तू हसू लपवायला आत पळालीस ते मला दिसलं होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आईने मेतकूट, गोडा मसाला, सांडगे, कुळिथाचं पीठ असं एवढं बांधून दिलं की कस्टमवाल्याने प्रत्येक पुडी हुंगून पाहिली.

बोटीच्या शिडीवर चढताना तू मधेच थांबलीस. मागचे लोक खोळंबले. मला वाटलं, पाण्याची भीती वाटली असेल. पण भीती वाटणाऱ्यांतली तू नव्हतीस. एडन येईपर्यंत मी आडवा होतो आणि तू डेकवर फिरून कोणत्या खोलीत कोण राहतं याची बातमी मला आणून देत होतीस. शिडीवर का थांबलीस, हे तेव्हा विचारायला हवं होतं असं आज वाटतं. पण विचारलं असतं तरी तू "पातळ पायात आलं" एवढंच म्हणाली असतीस.

लँकेशायरमधलं ते गाव तू कधी 'गाव' मानलं नाहीस. "धुराडी आहेत नुसती. मधूनमधून घरं," असं तू बाबांना लिहिलं होतंस. आपण मिसेस हॉलच्या माडीवरच्या खोलीत राहायचो. बाई विधवा, नवरा लढाईत गेलेला. मनाने चांगली, नियमाला कडक. आंघोळ आठवड्यातून एकदा, शनिवारी. तू रोज सकाळी किटलीत पाणी तापवून कोपऱ्यात परात घेऊन बसायचीस आणि खाली थेंब गळला की ती जिन्यात येऊन उभी राहायची. तुमचं ते भांडण तिला मराठी आणि तुला इंग्रजी येत नसताना चालायचं, आणि मला दोघींचंही कळत असल्याने माझी पंचाईत व्हायची.

ती मला 'मिस्टर आहो' म्हणायची. पहिले काही दिवस मला उलगडाच होईना. मग ध्यानात आलं. तू जिन्यावरून हाक मारायचीस, 'अहो, पाणी तापलंय,' 'अहो, टपाल आलंय.' तिला वाटलं, माझं नावच ते. मी तिला खरं सांगायला निघालो तर तू माझी बाही धरलीस. "राहू दे ना. एवढ्या मोठ्या देशात आणखी एक माणूस तुम्हाला अहो म्हणतंय. मला बरं वाटतं."

रेशन होतं तेव्हा. मांस सोडून दिलं की त्याबदली चीज जास्त मिळायचं. त्या चिवट पिवळ्या चीजचं काय करावं हे तुला कळेना. एकदा तू ते किसून थालीपिठात घातलंस आणि वास सुटल्यावर मिसेस हॉल ताटली घेऊनच वर आली. त्यानंतर शनिवारचा नियम थोडा सैल झाला. दही लागायचं नाही थंडीत, म्हणून तू भांडं लोकरीच्या माझ्या स्वेटरात गुंडाळून ठेवायचीस, आणि मी फॅक्टरीत विरजणाचा वास घेऊन जायचो.

पण ऑक्टोबरनंतर धुकं आलं. धुकं कसलं, काळपट धूरच तो. खिडकी पुसली की फडकं काळं व्हायचं. मी सकाळी अंधारात जायचो, अंधारात यायचो, आणि दिवसभर तुझ्याशी बोलायला कोणी नसायचं. एकदा मी लवकर आलो तर दाराबाहेर तुझा आवाज ऐकू आला. तू दुधाशी बोलत होतीस. "थांब, थांब, आत्ता उतू जाऊ नकोस हं, मी येतेय." मी जरा वेळ बाहेरच थांबलो आणि मग पाय वाजवत आत आलो.

तुझे गाल त्या हिवाळ्यात लाल दिसायला लागले. मिसेस हॉल कौतुकाने म्हणाली, "आमची हवा तिला मानवली. इंग्लिश मुलींसारखे गाल झाले बघा." मीही आईला तसंच कळवलं. मग तू जिना चढताना दोनदा बसायला लागलीस, झोपताना उशीवर उशी लावायला लागलीस, आणि एका सकाळी खोकताना रुमालाला लाल डाग लागला. तेव्हा मिसेस हॉलनेच तिच्या डॉक्टरला बोलावलं. त्या देशात तेव्हा नुकतीच सगळ्यांना फुकट उपचार देणारी ती नवी सरकारी व्यवस्था सुरू झाली होती. आपण त्यांचे कोणी नव्हतो, तरी डॉक्टर घरी आला, नळी लावून बराच वेळ ऐकत बसला, आणि मग माझ्याकडे न बघता तुझ्या गालांकडे बघून म्हणाला, "हे गाल केव्हापासून असे आहेत?"

ती लाली हाच आजार होता. लहानपणी डोंबिवलीत तुला सांधे सुजवणारा ताप आला होता. तुझी आई गेली त्याच वर्षी. बाबांनी महिनाभर लेप लावले, सांधे उतरले, सगळे विसरले. तो ताप हृदयात जाऊन बसला होता. आतली एक झडप जखडत चालली होती.

मोठ्या इस्पितळात तुला तपासण्यांसाठी ठेवून घेतलं. भेटायला फक्त बुधवारी आणि रविवारी, तेही तासभर. तास संपल्याची घंटा झाली की नवऱ्यांनी बाहेर. लांब वॉर्ड, दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा, सगळ्या बायका गोऱ्या, आणि मधे तू, वेणी पुढे घेऊन बसलेली. मी पोळ्या करून न्यायचो. मला त्या करता येत नव्हत्या. तू त्या शेजारच्या डोरीनला वाटायचीस.

डोरीन सूतगिरणीतली मुलगी, तुझ्याच वयाची. तुला होतं तेच तिला. तुम्ही दोघी खुणांनी काय बोलायचात देव जाणे, पण मी यायचो तेव्हा तुम्ही हसत असायचात. तिने तुला विणायला शिकवलं, तू तिच्या हातावर शाईने नक्षी काढून दिलीस आणि नर्स चिडली.

मग मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावलं. शांत, उंच माणूस. त्यांनी कागदावर हृदय काढून दाखवलं. नवीन शस्त्रक्रिया निघाली आहे, म्हणाले. सर्जन हृदयात बोट घालून ती झडप मोकळी करतो, आणि हृदय चालूच असतं. धोका आहे. पण नाही केलं तर काही वर्षं, फार नाहीत. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. शस्त्रक्रियेशिवाय मूल होऊ द्यायचं नाही. बाळंतपण या हृदयाला झेपणार नाही.

मी तुला सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. तू ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "डोरीनचं कधी आहे?"

डोरीनचं आधी झालं. आणि ती वाचली, सुमती. हेच तर मी तुला इतकी वर्षं सांगत राहिलो. ती मेली असती तर तुझं 'नाही' मला कळलं असतं. रविवारी मी आलो तेव्हा ती उशांना टेकून बसली होती, ओठ गुलाबी, आणि मला बघून तिने हात हलवला. पुढच्या आठवड्यात ती वॉर्डभर चालली, आणि मग चालत घरी गेली. डॉक्टर सहीचा कागद घेऊन तुझ्या खाटेवर बसले तेव्हा तू मला बोलूच दिलं नाहीस. तुझं तुलाच इंग्रजी सुचलं. "नो, डॉक्टर. थँक यू. आय गो होम."

त्यांना वाटलं, तुला समजलं नाही. त्यांनी पुन्हा कागदावर हृदय काढलं. तू पुन्हा तेच म्हणालीस.

ते गेल्यावर मी तुझ्यावर ओरडलो. आजूबाजूच्या बायकांनी पांघरुणं ओढून घेतली. मी म्हणालो, "डोरीन चालत गेली ना? तुझ्या डोळ्यांदेखत गेली."

"तिची आई बाहेर बाकावर बसली होती," तू म्हणालीस. "तिला परत आणलं तेव्हा ती अर्धवट शुद्धीत होती. आईला हाका मारत होती सारखी. नर्स आईला आत घेऊन आली. मी बघत होते." मग तू विचारलंस, "मला तसं झालं तर मी कोणत्या भाषेत हाक मारायची? इथे कोणाला कळणार?"

"मी असेन ना."

"तुम्हाला बुधवारी आणि रविवारी आत सोडतात."

मी तेव्हा जे बोललो ते बोलायला नको होतं, पण भांडणात माणूस तोलून बोलत नाही. मी म्हणालो, "तुझी आई तर इथेही नाही आणि तिथेही नाही. तिथे तरी कोणाला हाका मारणार आहेस?"

तू रडली नाहीस. म्हणालीस, "हाक कोणाला मारली याला महत्त्व नाही हो. ऐकणाऱ्याला ती कळली पाहिजे. आणि समजा मी गेले. तुम्ही एकटे त्या बोटीत बसून परत जाणार? जेवायला बसलात की शेजारची खुर्ची रिकामी. तुमच्या आई धक्क्यावर येणार आणि तुम्ही एकटे शिडी उतरणार. मला नाही चालायचं ते."

"आणि हे चालेल? हळूहळू मरणं?"

"घरी चालेल."

परतीच्या बोटीत आपण त्याच विषयावर भांडलो. पोर्ट सैदनंतर बोलणंच बंद झालं. तांबड्या समुद्रातल्या उकाड्यात तुला आडवं पडता येईना. मी डेकवर खुर्ची टाकून तुझ्या पाठीला उशा लावायचो, पंख्याने वारा घालायचो, आणि तोंडातून शब्द काढायचो नाही. तूही नाही. शेवटी तूच बोललीस, आणि बोललीस ते हे: "आईंना यातलं काही सांगायचं नाही. मुलाचंसुद्धा."

मुंबईच्या धक्क्यावर आई, तुझे बाबा, तुझा भाऊ, सगळे उभे होते. तू कठडा धरून वाकून बघत होतीस आणि त्यांची नावं घेत होतीस, एकेकाचं. मी तुझ्या मागे होतो. त्या क्षणी मला वाटलं, बरं झालं आलो. हे मी तुला कधी बोललो नाही. बोललो असतो तर माझं भांडण तिथेच संपलं असतं.

त्यानंतरची कल्याणातली वर्षं. शहाडला मिल सुरू झाली, मला शिफ्ट लागली. आपण जिना नको म्हणून तळमजल्यावरच्या खोल्या घेतल्या. आईला तू सांगितलंस की माडीवर उकडतं. आईला विलायतेचं काही ऐकायला आवडायचं नाही. तू सांगायला लागलीस की ती म्हणायची, "तिकडचं तिकडे." एकदा तू दुधाचं कस्टर्ड केलंस तर तिने वासावरून ठरवलं की यात अंडं आहे, आणि चार दिवस तुझ्या हातचं खाल्लं नाही. पण तुझी-तिची जोडी होती खरी. मिठावरून भांडायचात, कोथिंबिरीवरून भांडायचात, आणि दुपारी एकाच चटईवर तोंडं फिरवून झोपायचात. खडवलीहून भाजी घेऊन येणारी आगरीण तुमच्या भांडणात पडायची. तिला विलायतेचं भारी वेड. पाटी उतरवली की विचारायची, "वयनी, तिकरं भात होतय का गो?" तू तिला ओट्यावर बसवून सगळं सांगायचीस, बर्फ, धुराडी, शनिवारची आंघोळ. ती तोंडाला पदर लावायची. आई आतून पाठ करून ऐकायची. ती ऐकायची हे तुला ठाऊक होतं. मलाही.

आणि मग ते सुरू झालं. आधी बायका बोलल्या, मग आई. "दोन वर्षं विलायतेत राहून आले, अजून पाळणा नाही." आईने तुला सोमवार, मंगळवार धरायला लावले, वडाला फेऱ्या घालायला लावल्या. तू सगळं केलंस. उपास तुला सोसत नव्हते. पाय सुजायचे ते तू पातळाखाली झाकायचीस. टिटवाळ्याला अंगारकीला ती तुला घेऊन गेली. मीही होतो. स्टेशनपासून देवळापर्यंत चालत जायचा नवस होता. वाटेत एका झाडाखाली तू बसलीस आणि तुला उठता येईना. टांगा करू म्हटलं तर आई म्हणाली, "एवढंसुद्धा मनावर घेता येत नाही? श्रद्धाच नाही तुझी." तू माझ्याकडे बघितलंस. डोळ्यांनी 'गप्प' म्हणालीस. मग उठलीस आणि चालत गेलीस.

त्या दिवशी घरी आल्यावर मी म्हणालो, "आता बास. मी आईला आज सांगतो."

"सांगा," तू म्हणालीस. तू कपड्यांच्या घड्या घालत होतीस. "सांगा, आणि मग मी डोंबिवलीला जाते."

"ती तुला घालूनपाडून बोलते. चार बायकांत बोलते. तुला वांझ म्हणतात, सुमती."

"म्हणू देत. वांझ बाई भांडते, स्वयंपाक करते, उलटून बोलते. आजारी बाईचं काय? तिच्याशी सगळे हळू आवाजात बोलतात. तिच्या हातातलं भांडं काढून घेतात. आईंनी माझ्या हातातलं भांडं काढून घेतलं की मी संपले. इस्पितळात झोपून होते ना, तेवढं बघून घेतलंय मी." मग माझा सदरा माझ्याच हातात देऊन म्हणालीस, "एवढं करा माझ्यासाठी."

मी केलं. तुला दिलेला शब्द होता तो. चूक की बरोबर, मला आजही सांगता येणार नाही. आईचं बोलणं मी ऐकून घेतलं, तू ऐकून घेतलंस, आणि आईला वाटत राहिलं की दोष तुझ्यात आहे, तोही मनाचा.

गेल्या हिवाळ्यात नळावर पाणी भरताना तुला खोकला आला आणि बादलीतलं पाणी लाल झालं. आता आजार लपवता येईना; तो तिकडेच कळला होता, एवढं मात्र आईपासून लपवलंच. गावातल्या डॉक्टरांनी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे तेव्हा ती शस्त्रक्रिया व्हायला लागली होती. सर्जन तरुण होते, तिकडूनच शिकून आलेले. त्यांनी तपासलं, फोटो काढले, आणि मला बाहेर नेऊन सांगितलं की उशीर झालाय. झडप आता दगडासारखी झाली आहे, हृदय फुगलंय. करायचं तर करू, पण खात्री देत नाही.

मी आत येऊन तुला सांगितलं. पुन्हा एक शब्द गाळला नाही. तू लगेच म्हणालीस, "करू या."

मला काय झालं सांगू? मला राग आला. एवढा राग मला आयुष्यात कोणाचा आला नसेल. त्या वेळी शंभर टक्के भरवशाचं म्हणत नाही मी, पण भरवशाचं होतं. डोरीन चालत गेली होती. तेव्हा 'नाही', आणि आता, सगळं हाताबाहेर गेल्यावर, 'करू या'? मी म्हणालो, "मग ही सगळी वर्षं कशासाठी?"

तू म्हणालीस, "ही सगळी वर्षं मी घरी होते ना."

आपलं शेवटचं भांडण ते.

शस्त्रक्रियेच्या दिवशी बाहेरच्या बाकांवर जागा पुरली नाही. आई, तुझे बाबा, भाऊ, भावजय, माझे मामा, शेजारच्या काकू, गिरणीतले दोघे जण. तुला ढकलगाडीवरून नेताना तू मान वळवून सगळ्यांकडे बघितलंस आणि हळूच मला म्हणालीस, "बघा. केवढी माणसं." तुझ्या चेहऱ्यावर आनंद होता. मला तो बघवला नाही.

तू आत गेल्यावर एक शिकाऊ डॉक्टरीणबाई कागद भरायला आली. आईच्या शेजारी बसून तिने विचारलं, "मुलं किती?" आई म्हणाली, "नाही." ती बाई आपले विलायतेतले जुने कागद चाळत सहज बोलून गेली, "बरंच झालं. अशा केसमध्ये बाळंतपण जिवावरच बेततं. तिकडच्या डॉक्टरांनी तेव्हाच मनाई केली असणार." आणि लिहीत पुढे निघून गेली. आईने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. माळ काढून हातात घेतली, पण ती ओढत नव्हती. नुसती धरून बसली होती.

तुला बाहेर आणलं. जिवंत आणलं. दुपारनंतर तू हलायला लागलीस आणि हाका मारायला लागलीस. "आई. आई गं." नर्स दारात येऊन म्हणाली, "पेशंटच्या आई कोण?" तुझ्या बाबांनी तोंडावर हात घेतला. मी उठणार तोच आई उठली. पदर नीट केला, चपला दाराबाहेर काढल्या, आणि आत गेली. दार अर्धवट उघडं होतं. आईचा आवाज मी ऐकला. "आले गं. आले. इथेच आहे." तू पुन्हा हाक मारलीस, तिने पुन्हा ओ दिली. किती वेळ ते चाललं मला सांगता येणार नाही. तू हाक कोणाला मारत होतीस आणि ओ कोणाची आली हे तुला कळलं की नाही, तेही ठाऊक नाही. पण मग तू शांत झालीस.

दोन दिवस तू होतीस. शुद्धीवर आलीस तेव्हा मला म्हणालीस की छातीवर कोणी जातं ठेवलंय. आईने ओठांना पाणी लावलं तर "थंड आहे," म्हणून कुरकुरलीस. तिसऱ्या दिवशी सकाळी हृदय थकून थांबलं. सर्जन माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मीच त्यांना म्हणालो, तुम्ही करायचं ते केलंत. ते खरं होतं. तुला आम्ही कल्याणला आणलं, नदीवर नेलं. खडवलीची भाजीवाली घाटाच्या वर उभी होती, पाटी खाली ठेवून.

काल दुपारी आई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. मी दारात उभा होतो. इतके दिवस तिने त्या विषयाचा उच्चार केला नव्हता. सूप खाली न ठेवताच तिने विचारलं, "तिकडच्या डॉक्टरने नेमकं काय सांगितलं होतं? शब्द न् शब्द सांग."

मी तिच्यासमोर पाटावर बसलो आणि सांगितलं. धुकं, लाल गाल, लोखंडी खाट, डोरीन, कागदावर काढलेलं हृदय, मुलाची मनाई, तुझं 'आय गो होम'. एकदाही ती 'तिकडचं तिकडे' म्हणाली नाही. टिटवाळ्याच्या वाटेवरचं झाड मी गाळणार होतो. तिनेच आठवण केली. "तेव्हाही तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"दोघांनाही."

"हो, आई."

ती खडे वेचत राहिली. तिची बोटं चालत होती, पण खडे तांदळातच परत पडत होते. मग एकदम तिचा आवाज चढला. "अरे, मला का नाही सांगितलंत? मी काय वैरीण होते? मला सांगितलं असतं तर एक उपास करू दिला नसता तिला. पाण्याची कळशी उचलू दिली नसती. खाटेवरून उठू दिलं नसतं. फुलासारखी जपली असती मी तिला."

सुमती, तुझी बाजू मला मांडता येत नाही असं मी वर लिहिलं. पण त्या वेळी ती माझ्या तोंडून आपसूक बाहेर पडली. मी म्हणालो, "म्हणूनच सांगितलं नाही तिने."

मला वाटलं, आई रडेल, किंवा मला बोलेल. तिने सूप खाली ठेवलं.

"हो," ती म्हणाली. "जपलंच असतं मी."